स्त्रियांच्या वाट्याचा अर्धा तास

जिल्हा प्रशासनात असताना एका नगरातील उद्यानाचे लोकार्पण माझ्या हस्ते झाले. चालण्यासाठी फरसबंद वाट, व्यायामाची साधने, कारंजे असा सारा थाट होता. उद्यान सकाळी व सायंकाळी पाच ते आठ खुले राहील, असा आदेश माझ्याच सहीने निघाला. काही महिन्यांनी पाहिले, तर वाटेवर बहुतेक पुरुषच. महिला बचत गटाच्या बैठकीत कारण विचारले, तेव्हा पन्नाशीच्या एक बाई म्हणाल्या, "साहेब, तुमची बाग उघडते तेव्हाच आमची चूल पेटते." उद्यानात स्वच्छतागृह नाही, हेही त्याच बैठकीत कळले. आराखड्यावर सही करताना ते माझ्या ध्यानात आले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी होती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, हा त्याचा निकष. त्यात घरकाम आणि रोजगारातील श्रमही धरले जातात. 'दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला,' हा घरोघरी ऐकू येणारा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. घरकामाने शरीर थकते. मात्र त्यातील बराच भाग उभ्याने वा बसून केलेल्या हलक्या, एकसुरी कामाचा असतो. थकवा आला म्हणजे व्यायाम झाला असे नव्हे.

रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते. नेमक्या त्याच वयात गुडघे दुखू लागतात, पडण्याची भीती वाटते आणि घराबाहेर पडण्याची निमित्ते कमी होतात. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असे आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे त्या वयाच्या स्त्रीला बहुधा 'आता आराम करा' एवढाच सल्ला मिळतो.

मुळात प्रश्न वेळेचा आहे. राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया २०१९ मध्ये त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. २०२४ मध्ये २८९. घरकामात सहभागी होणाऱ्या पुरुषांची मिनिटे ९७ वरून ८८ झाली. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषाने तिचा भार उचलला असे दिसत नाही. नळ आणि गॅस आल्याने पाण्याची व सरपणाची पायपीट घटली, हे निःसंशय इष्ट झाले. परंतु वाचलेला वेळ तिच्या मालकीचा झाला का, हे कोणत्याही योजनेने विचारले नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे तमिळनाडूतील पुदुकोट्टई आठवते. १९९०च्या दशकाच्या प्रारंभी तेथील साक्षरता मोहिमेने अक्षरांबरोबर सायकल शिकवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्यास बळ दिले. शेतमजूर, खाणकामगार, परिचारिका अशा हजारो स्त्रिया टोमण्यांची पर्वा न करता सायकलवर बसल्या. लेडीज सायकली अपुऱ्या पडल्या, तेव्हा पुरुषांच्या सायकलीही त्यांनी आपल्याशा केल्या. 'आरोग्यासाठी हालचाल करा' असे त्यांना कोणी बजावले नव्हते. बरोबरीच्या बायकांची सोबत, समाजमान्य निमित्त आणि हाताशी साधन, एवढे त्यांना मिळाले. त्या वेळी विशी-पंचविशीत असलेल्या त्या स्त्रिया आज पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत.

धोरणाला हाच धडा पुरेसा आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'फिट इंडिया'सारख्या मोहिमा उत्साह निर्माण करतात. पण उपदेशाने दिवसाचे तास वाढत नाहीत. उद्याने दुपारी अकरा ते चार खुली ठेवणे, तेथे सावली, बाके व स्वच्छतागृह असणे, पदपथ सलग व उजेडाचे करणे, ही कामे नगरपालिकेच्या आवाक्यातील आहेत. ग्रामीण उपजीविका अभियानाचे बचत गट सुमारे १० कोटी कुटुंबांपर्यंत पोहोचले आहेत. गटाच्या बैठकीनंतर सर्वजणींनी अर्धा तास एकत्र चालावे, यासाठी नव्या निधीचीही गरज नाही. आरोग्य उपकेंद्रांतील योगवर्गांची वेळ ठरवतानाही आधी स्त्रियांना विचारावे.

मात्र तो अर्धा तास चूल कोण सांभाळणार, याचे उत्तर शासन देऊ शकत नाही. ते घरातल्या पुरुषांनाच द्यावे लागेल. निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जाणाऱ्या माझ्यासारख्यांनी तर सर्वांत आधी.