वायफायची गर्दी आणि मोबाईलची निवड

दहावीचा निकाल, अकरावीचा प्रवेश, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज ही सारी कामे आता मोबाईलच्या पडद्यावर येऊन ठेपली आहेत. अंतिम मुदतीच्या दिवशी वायफायची खूण पूर्ण भरलेली दिसावी आणि पान मात्र उघडू नये, हा अनुभव आमच्या पालकांना नवा नाही. दोष बहुधा संकेतस्थळाला दिला जातो, आणि पुष्कळदा तो तेथे असतोही. परंतु आपला मोबाईल वायफायचे केंद्र कसा निवडतो हे पाहिले, तर आणखी एक कारण ध्यानात येते.

प्रत्येक राऊटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव पुकारत असतो. मोबाईल या हाका ऐकतो, पूर्वी जोडलेल्या नावांना अग्रक्रम देतो आणि एकाच नावाची अनेक केंद्रे असतील, तर सामान्यतः ज्याची हाक सर्वांत ठळक ऐकू येते त्यास जाऊन मिळतो. खोच येथेच आहे. ठळक हाकेवरून केंद्र बहुधा जवळ आहे एवढेच समजते. तेथे आधीच किती जण उभे आहेत, हे समजत नाही. उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर पाणी भरणाऱ्या बाया केवळ जवळचा हातपंप पाहत नाहीत. रांग किती, धार किती, हे जोखून प्रसंगी लांबची विहीर गाठतात. मोबाईलला हे शहाणपण अद्याप पुरते आलेले नाही. केंद्राने आपल्या हाकेतच गर्दीचे मोजमाप सांगावे अशी सोय २००५ साली वायफायच्या मानकात झाली. पण सगळेच राऊटर ते सांगत नाहीत आणि सगळेच मोबाईल ते ऐकत नाहीत.

रांगेची उपमा आम्ही उगीच दिलेली नाही. वायफायच्या एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावे लागते. दुसरा बोलत असेल तर थांबावे लागते. जो दूर कोपऱ्यात बसला आहे त्याचे बोलणे संथ होते, तेवढ्याच मजकुरास त्याला अधिक वेळ लागतो आणि राऊटरशेजारी बसलेलाही त्याच्यामुळे खोळंबतो. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच: १, ६ आणि ११. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजनेस मान्यता दिली. तिच्यानुसार साध्या दुकानदारासही परवान्याविना वायफाय पुरवता येते. योजना स्वागतार्ह आहे. परंतु मुरबाडच्या बाजारात ओळीने दहा दुकानांत राऊटर बसले आणि सारे एकाच वाहिनीवर बोलू लागले, तर दहा केंद्रे असूनही वाट एकच राहील.

मोबाईल कंपनीच्या मनोऱ्यांची गोष्ट निराळी आहे. बोलणे चालू असताना ग्राहकास एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर कधी न्यावे, हे मुख्यतः कंपनीची यंत्रणा ठरवते, आणि तिला गर्दीही दिसत असते. वायफायमध्ये अंतिम निर्णय मोबाईलचा. म्हणूनच तो कधी कधी मागे राहिलेल्या राऊटरला शेवटच्या धाग्यापर्यंत चिकटून बसतो.

मग सर्वांनी मोकळे केंद्र शोधावे काय? येथेही एक गुंता आहे. ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञाने तो १९९४ साली मांडला: आज तेथे गर्दी नसेल असा तर्क सर्वांनीच केला, तर नेमकी तेथेच गर्दी होते. सगळे मोबाईल एकाच क्षणी रिकाम्या राऊटरकडे धावले, तर तो तुंबेल आणि पहिला ओस पडेल. त्यामुळे केंद्र बदलताना थोडा विलंब आणि थोडी चिकाटी आवश्यकच असते. मोबाईलचा हट्ट सर्वस्वी मूर्खपणाचा नाही.

पालकांसाठी उपाय साधे आहेत. जागा बदलल्यावर वायफाय एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे, म्हणजे मोबाईल नव्याने निवड करतो. राऊटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचे नाव निवडावे. तेथे वाहिन्या अधिक आहेत, मात्र भिंतीपलीकडे त्याचा जोर ओसरतो. नको असलेली जुनी नावे मोबाईलमधून काढून टाकावीत. आणि राऊटरशेजारी, आसपास कोणी नसतानाही पान उघडत नसेल, तर मोबाईलचा डेटा लावून पाहावा: त्यावर ते उघडले, तर अडचण बहुधा हवेत नसून राऊटरच्या मागे, गावापर्यंत आलेल्या तारेत आहे. ती तार तुटली तरी राऊटर आपले नाव पुकारतच राहतो.