चवथीपासून चवथीपर्यंत : कोकणी घराचा वर्षाचा ताळेबंद

सरकारचे आर्थिक वर्ष एप्रिलच्या पहिल्या तारखेस सुरू होते, आणि व्यापारी आपल्या नव्या वहीची पूजा दिवाळीत करतो. मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या शेतकरी कुटुंबाचे वर्ष मात्र या दोहोंपैकी कोणत्याच दिवशी सुरू होत नाही. ते भाद्रपद शुद्ध चतुर्थीस, श्रीगणेशाच्या आगमनाबरोबर सुरू होते आणि पुढच्या चवथीस पुरे होते. घराची डागडुजी केव्हा काढावयाची, मुंबईच्या माणसाने रजा केव्हा मागावयाची, कोणाचे देणे केव्हा फेडावयाचे, या साऱ्या प्रश्नांचे उत्तर 'चवथीपूर्वी' किंवा 'चवथीनंतर' असेच मिळते. थोडक्या प्राप्तीत वर्ष निभावून न्यावयाचे आणि तरीही देवाच्या सेवेत काही उणे पडू द्यावयाचे नाही, ही विद्या या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली आहे. गणेशोत्सवाच्या निमित्ताने तिचाच विचार करावा असे आम्हांस वाटले.

आधी विहीर, मग गड

गड नदी ज्या परिसरात काळावलच्या खाडीस मिळते, त्या परिसरात मसुरे वसले आहे. गावाच्या टेकडीवर भरतगड उभा आहे आणि पाण्यापलीकडे भगवंतगड. भरतगडाची हकीकत जुन्या मुंबई गॅझेटियरमध्ये नमूद आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७० साली ही टेकडी पाहिली. परंतु पाण्याची वानवा असल्याने तेथे किल्ला बांधण्याचा विचार त्यांनी सोडून दिला. पुढे वाडीच्या फोंड सावंतांनी कातळात मोठी विहीर खोदविली आणि पाणी लागल्यावर १७०१ साली गड पुरा केला. गृहस्थाश्रमी माणसाने या हकीकतीतून घ्यावा असा बोध उघड आहे. प्राप्तीच्या विहिरीस पाणी किती हे पाहावे आणि मगच खर्चाचे तट उभारावेत.

या भागातील सामान्य घराची विहीर कधीच फार खोल नव्हती. पावसाच्या पाण्यावर येणारे भाताचे पीक, घराभोवतीचे माड, काजूच्या बिया आणि आंब्या-फणसाची मोजकी झाडे, एवढेच तिचे झरे. त्यांतून पोटापुरते मिळे, पण रोकड हाती फारशी खेळत नसे. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कोकणचा माणूस मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामास जाऊ लागला. घरी राहिलेल्या माउलीने शेत राखावे, म्हाताऱ्यांना आणि मुलांना सांभाळावे, आणि पोस्टमनने आणून दिलेल्या मनिऑर्डरीच्या रुपयांतून मीठ-मिरचीपासून शाळेच्या पाटीपर्यंत सारे भागवावे, अशी ही व्यवस्था होती. आज मनिऑर्डरीची जागा बँकेच्या खात्याने घेतली आहे. पण महिनाअखेरची ओढाताण बहुतेक घरांत तीच आहे.

सरत्या कणग्याचा सण

चवथ येते त्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरी काय असते, याचा विचार शहरातील वाचक सहसा करीत नाहीत. गेल्या दिवाळीच्या सुमारास घरात आलेले भात भाद्रपदापर्यंत कणग्याच्या तळाशी गेलेले असते. शेतात उभे असलेले नवे पीक अद्याप हिरवे असते. लावणीच्या मजुरीत हातचा पैसा गेलेला असतो, आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात गेलेल्या होड्यांची कमाई नुकती कोठे सुरू झालेली असते. वर्षातील सर्वांत मोठा सण असा वर्षातील सर्वांत तुटीच्या महिन्यात येतो. यास्तव ज्या घराने आधीपासून विचार केला असेल, त्याच घराला तो निश्चिंतपणे साजरा करता येतो.

हा विचार सुरू होतो तो आगोटीस. मृगाच्या आधी पावसाळ्याची बेगमी करून ठेवावयाची, यास कोकणात आगोट म्हणतात. उकडे तांदूळ, कुळीथ, कांदे, मीठ, आमसुले, चिंच, वाळवलेले पापड-सांडगे, आंब्याची साठे, शेणी आणि सुकी लाकडे, सारे पाऊस पडण्यापूर्वी घरात येऊन पडे. या बेगमीतच चवथीचा वाटा बाजूला काढलेला असे. मोदकांच्या पिठासाठी तांदळाचे वेगळे गाठोडे, नैवेद्यासाठी निवडून ठेवलेले नारळ आणि भजनी मंडळींच्या उसळीसाठी काळे वाटाणे, यांस एरवी कोणी हात लावीत नसे. आणि त्याहूनही मोठा दंडक बियाण्याचा. घरात पेज पातळ झाली तरी चालेल, परंतु बियाण्याचे भात कांडावयाचे नाही. देवाचा वाटा आणि उद्याचा वाटा हे दोन वाटे काढून ठेवल्यावर जे उरेल ते आपले, हीच या घरांची अर्थनीती होती.

मसुऱ्याच्या घरांना आणखी एका खर्चाची तरतूद ठेवावी लागते. या गावचीच एक वाडी असलेल्या आंगणेवाडीत श्रीभराडी देवीची जत्रा भरते. भरडावर, म्हणजे माळरानावर प्रकट झालेली म्हणून ती भराडी. या जत्रेची तिथी पंचांगात छापलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती दरवर्षी ठरविली जाते. साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये ती येते. तिथी अगोदर ठाऊक नसल्याने पाहुण्यांच्या सरबराईची तयारी घरात सदैव ठेवावी लागते. आंगणे कुटुंबातील स्त्रिया मौन पाळून देवीचा प्रसाद रांधतात, ही तेथील रीत प्रसिद्ध आहे. लक्षावधी भाविक ओटी घेऊन रांगेत उभे राहतात. ओटीत खण, नारळ आणि तांदूळ असतात. आईच्या दारी येताना याहून अधिक काही आणावयास हवे, असे कोणी कोणास सांगत नाही.

पूजाविधीतच काटकसरीची सोय

आमच्या धर्मकृत्यांवर खर्चिकपणाचा आरोप केला जातो. पूजेचा विधी जाणणाऱ्यांस त्यात तथ्य दिसणार नाही. षोडशोपचार पूजेत देवास वस्त्र अर्पण करावयाचे तर कापसाचे वस्त्र चालते. अलंकार नसतील तर त्यांच्या जागी अक्षता वाहाव्यात, असे गुरुजीच सांगतात. ज्याच्या घरी जे नाही, त्याच्या ठिकाणी तांदळाचे चार दाणे देवास पोहोचतात. पान, फूल, फळ आणि पाणी भक्तीने अर्पण केले असता आपण ते स्वीकारतो, असे भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात अर्जुनास आश्वासन दिले आहे. दरिद्री भक्ताचा संकोच शास्त्राने आधीच ओळखून ठेवला होता, असेच म्हणावे लागेल.

चवथीच्या साऱ्या विधींत हीच दृष्टी दिसते. गणरायाच्या प्रिय मोदकाचेच पाहा. त्याची पारी शेतातल्या तांदळाची, सारण परसातल्या नारळाचे. दुकानातून आणावयाचा तो गूळ आणि चिमूटभर वेलची. देवाच्या माथ्यावर बांधावयाची माटवी काकडी, चिबूड, नारळ, सुपारीची शिपटी, आंब्याचे टाळे आणि रानातून वेचून आणलेली फळे-फुले यांनी सजते. ऋषिपंचमीस तर बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करून कंदमुळे आणि परसातल्या भाज्या शिजवावयाच्या. माहेरवाशीण गौरी घरी येते, तिलाही अनेक घरांत पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवितात. मूर्तीसाठी घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन द्यावयाचा. त्यावर मातीचा गणपती घडे, आणि मूर्तिकारास पैशांबरोबर तांदूळ-नारळही दिले जात. यांत रोकड लागते ती किती थोडी! तुटीच्या महिन्यात येणारा सण तुटीच्या घरासही झेपावा, अशीच ही घडण आहे.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा

या व्यवस्थेची मोठी परीक्षा १९८२ साली झाली. त्या वर्षी १८ जानेवारीस मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. त्या वर्षाची चवथ आली तेव्हा संपाला सात महिने होऊन गेले होते. पगार थांबले, त्याबरोबर गावाकडे जाणाऱ्या मनिऑर्डरीही थांबल्या. पुष्कळ कामगार आपापल्या गावी परतले. अवघ्या वर्षापूर्वी, १ मे १९८१ रोजी स्वतंत्र अस्तित्वात आलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही या संकटाची झळ पोहोचली.

ज्या घरांनी मुंबईचा पैसा येत असतानाही शेत पडीक टाकले नव्हते, त्यांना परतलेल्या माणसासाठी पेजेची वाटी देता आली. ज्यांनी पगाराच्या भरवशावर जमिनीकडे पाठ फिरविली होती, त्यांचे हाल झाले. एकाच झऱ्यावर विसंबू नये, हा धडा त्या वर्षाने दिला. आज गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत, आणि गावची मुले निराळ्या नोकऱ्यांत आहेत. परंतु नोकरी आज आहे आणि उद्या नाही, हे भय संपले आहे असे कोण म्हणेल?

व्याजाचा नैवेद्य

म्हणूनच गेल्या काही वर्षांत वाढत चाललेली एक रीत आम्हांस चिंताजनक वाटते. शेजारच्या घरी मोठी मूर्ती आली म्हणून आपल्याकडेही मोठी हवी. त्यांची रोषणाई तशी आपली. त्यांनी पंचवीस पाने वाढली तर आपण पन्नास. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तरी हौसेला नव्या वाटा फुटतातच. हौसेला आमचा विरोध नाही. ती उसनवारीवर भागवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

साधा हिशेब करून पाहावा. एखाद्या घराने सणासाठी वीस हजार रुपये शेकडा दोन रुपये मासिक व्याजाने उचलले, तर महिन्याचे व्याज ४०० रुपये होते. मुद्दल फिटले नाही तर पुढच्या चवथीपर्यंत ४,८०० रुपये केवळ व्याजात जातात, आणि वीस हजारांचा बोजा डोक्यावर तसाच राहतो. त्याच घराने दरमहा एक हजार रुपये पोस्टाच्या बचत खात्यात किंवा बचत गटात ठेवले, तर पुढच्या चवथीस व्याज सोडूनही १२,००० रुपये हाती असतील. सण मग त्या बारा हजारांत बसवावा. मूर्ती दोन बोटे लहान झाली म्हणून विघ्नहर्ता रुसत नाही. व्याजाच्या पैशातून आलेल्या नैवेद्याने मात्र घरावर नवे विघ्न ओढवते. अकरा दिवस झेपत नसतील तर पाच दिवस किंवा दीड दिवस गणपती ठेवणारी घरे कोकणात गावोगाव आहेत, आणि त्यांच्या भक्तीस कोणी कमी लेखीत नाही.

हिशेब आणि परमार्थ

हिशेब ठेवणे हे प्रापंचिकाचे काम, परमार्थाशी त्याचा काय संबंध, असे काहींना वाटेल. त्यांनी एकनाथ महाराजांचे चरित्र आठवावे. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथांकडे हिशेबाचे काम होते. एका रात्री हिशेबात एका पैची चूक राहिली. ती शोधण्यात नाथांनी अवघी रात्र जागविली, आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली. एका पैच्या शोधात असा आनंद, तर संसारातली चूक सापडल्यावर केवढा होईल, असे त्या वेळी स्वामी म्हणाले, अशी ही कथा सांगितली जाते. ज्याला पैचा हिशेब नीट ठेवता येतो, त्याच्याच चित्ताला पुढचा मोठा हिशेब पेलतो, असा या कथेचा अर्थ आम्ही लावतो.

मात्र येथे एक सावधगिरी सुचविल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे काटकसरीचा भार पुष्कळदा एकट्या गृहिणीवर पडत आला आहे. सर्वांची पाने वाढून झाल्यावर भांड्यात उरेल त्यावर तिने भागवावयाचे, तिचे लुगडे सर्वांत शेवटी घ्यावयाचे, तिचे दुखणे अंगावर काढावयाचे, आणि वर तिला सुगरण म्हणून गौरवावयाचे! ही काटकसर नव्हे. घरात गौरी आणून तिची पूजा बांधणाऱ्यांनी घरच्या गौरीच्या ताटात काय पडते, हेही पाहिले पाहिजे. औषधपाणी, मुलांचे शिक्षण आणि दारी आलेल्या अतिथीचा घास यांना कात्री लावून जो पैसा उरतो, तो शिल्लक नसून अदृश्य कर्जच होय. खर्च कमी करावयाचा तो दिखाव्यातून करावा, आणि वही उघडताना घरातील सर्वांनी मिळून बसावे.

यासाठी चवथीइतका चांगला मुहूर्त नाही. मुंबई-पुण्याची माणसे घरी आलेली असतात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाल्यापासून ती अधिकच संख्येने येतात. आरती-भजनानंतर एका निवांत सायंकाळी कर्त्या भावांनी, जावांनी आणि थोरल्या मुलांनी एकत्र बसून यंदा किती आले, किती गेले, कोणाचे देणे राहिले आणि पुढच्या वर्षी कोणी किती उचलावयाचे, हे लिहून काढावे. एकत्र घराच्या चवथीचा खर्च एकाच भावावर पडून मने दुखावतात, तेही मग टळेल.

विसर्जन झाल्यावर आमच्याकडे रिकामा पाट घरी आणताना त्यावर नदीकाठची चिमूटभर वाळू किंवा माती ठेवून आणतात. पुढच्या वर्षीच्या आगमनाची ती खूण असते. त्या वाळूबरोबर घरातील प्रत्येकाने आपल्या प्राप्तीतील पहिला रुपया देवापुढे बाजूला काढून ठेवावा. पुढच्या चवथीची पुंजी तेथूनच सुरू होईल. बुद्धीची देवता असलेल्या श्रीगजाननाने सर्व घरांस असा हिशेब ठेवण्याची बुद्धी द्यावी आणि कोणत्याही घराचा पाट ऋणाच्या ओझ्याखाली वाकू देऊ नये, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.