नव्या संगणकावर पायथन : एका चौकटीपाशी अडू नका

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी परिसरातील वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. आईवडील ऊसतोडीला जातात, पै-पै साठवून घरात लॅपटॉप आणतात. अंबाजोगाई, परळीच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना पायथन शिकायचे असते. पण ते संगणकावर बसवतानाच पडद्यावर इंग्रजीत काहीतरी चूक दिसते आणि मूल म्हणते, "हे आपल्याला जमायचं नाही." खरे तर चूक बुद्धीची नसते. बहुतेक वेळा एका चौकटीत खूण करायची राहिलेली असते.

पायथन ही संगणकाला सूचना देण्याची भाषा. गुइडो व्हॅन रॉसम यांची ही भाषा १९९१ मध्ये प्रथम खुली झाली. ती पूर्णपणे मोफत आहे. बसवून देण्याचे कोणी पैसे मागत असेल, तर देऊ नका.

विंडोज संगणकावर 'पायथन डॉट ऑर्ग' या अधिकृत संकेतस्थळावरून इन्स्टॉलर फाईल उतरवून घ्या. ती उघडताच पहिल्याच पानावर, खालच्या बाजूला 'ॲड पायथन टू पाथ' अशा अर्थाची एक रिकामी चौकट असते. आधी तिथे खूण करा, मगच 'इन्स्टॉल नाऊ' दाबा.

हा 'पाथ' म्हणजे काय? आपण एखादी आज्ञा दिली की ती कोणत्या फोल्डरांत शोधायची, याची यादी विंडोजकडे असते. तीच पाथ. माणूस गावातच राहतो, पण मतदार यादीत नाव नाही म्हणून केंद्रावरून परत पाठवला जातो, तसेच हे. पायथन संगणकात असते, पण यादीत नसल्याने विंडोज ते ओळखत नाही.

आता खात्री करून घ्या. 'कमांड प्रॉम्प्ट' आधीच उघडा असेल तर बंद करून पुन्हा उघडा. इंग्रजी लहान अक्षरांत पायथन लिहा, एक जागा सोडा, दोन आडव्या रेघा द्या आणि त्यांना लागूनच व्हर्जन लिहून एंटर दाबा. आवृत्तीचा क्रमांक दिसला की काम झाले. आज्ञा ओळखता येत नाही किंवा पायथन सापडले नाही असा संदेश आला, तर घाबरू नका. तीच इन्स्टॉलर फाईल पुन्हा उघडा, 'मॉडिफाय' निवडा, 'नेक्स्ट' दाबा आणि 'एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स'च्या चौकटीत खूण करून पुढे जा. नंतर कमांड प्रॉम्प्ट पुन्हा नव्याने उघडा.

पायथनसोबत 'आयडल' नावाचा लिहिण्याचा फलक आपोआप येतो. तो उघडा. इंग्रजीत प्रिंट लिहा आणि पुढे कंसात, अवतरण चिन्हांत मराठीतून 'जय भीम' लिहा. पायथन ३ ला देवनागरी समजते. एंटर दाबताच तेच शब्द पडद्यावर उमटतील.

कार्यकर्त्यांना आमची एकच विनंती आहे. इन्स्टॉलरची फाईल एकदा उतरवून पेनड्राइव्हवर घ्या आणि विहारातील अभ्यासिकेत ठेवा. मग प्रत्येक मुलाला वेगळा डेटा खर्च करावा लागणार नाही. पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी बसा, पण कळा त्यालाच दाबू द्या. पुढच्या मुलाला तोच शिकवेल.

जय भीम!