उपदेशाआधी ऐकणे : व्यसनमुक्तीसाठी प्रेरक संवाद

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील धर्मग्रामांत घरभेटी देताना आम्हांला एक दृश्य वारंवार दिसते. घरातील कर्ता पुरुष खर्रा चघळत बसलेला असतो. धर्मगुरू दिसताच तो पन्नी मुठीत दडवतो. आम्ही त्याला कर्करोगाची भीती घालतो, लेकराबाळांची आठवण देतो. तो "सोडतो, फादर" असे म्हणतो आणि आमची पाठ वळताच पन्नी पुन्हा उघडतो. वेदीवरूनही आम्ही असेच बोलत आलो आहोत. दोष केवळ त्याचा नाही. आमच्या बोलण्याच्या पद्धतीचाही आहे.

कायद्याला मर्यादा असतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेला खर्रा गावोगावी मिळतच राहिला. गडचिरोलीत २०१६ साली सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' अभियानाने गावसंघटनेबरोबर व्यसनी रुग्णांच्या उपचारालाही स्थान दिले. कारण शेवटचा निर्णय माणसाच्या मनातच व्हावा लागतो.

पद्धत काय आहे?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली मद्यासक्त रुग्णांसाठी संवादाची एक पद्धत मांडली. पुढे १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्यासमवेत त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' या नावाने ती ओळखली जाते. आपण तिला प्रेरक संवाद म्हणू.

तिचे मर्म सोपे आहे. व्यसनी माणूस द्विधा मनःस्थितीत असतो : त्याला व्यसन हवेही असते आणि नकोही असते. आपण 'सोड' म्हणून वाद घातला की तो 'का सोडू नये' याची कारणे सांगू लागतो आणि स्वतःच्याच बोलण्याने अधिक घट्ट होतो. म्हणून बदलाची कारणे आपण सांगायची नाहीत. ती त्याच्याच तोंडून यावयास हवीत.

समजा, दवाखान्यातील धर्मभगिनी एका रुग्णाशी बोलत आहेत.

"भाऊ, खर्ऱ्याने तुम्हांला काय बरे वाटते?"

"सिस्टर, धानाच्या रोवणीत दिवसभर वाकावे लागते. तोंडात खर्रा असला की काम निभते."

"आणि खटकते काय?"

"तिखट लागत नाही तोंडाला. नातीला जवळ घेतो, तर ती तोंड फिरवते."

"काम निभते, पण नात दुरावते, असेच ना? सोडणे तुम्हांला किती महत्त्वाचे वाटते? दहापैकी किती?"

"चार."

"चारच का, दोन का नाही?"

या शेवटच्या प्रश्नात सारे कौशल्य आहे. 'दहा का नाही' असे विचारले असते, तर त्याने अडचणी सांगितल्या असत्या. आता तो सोडण्याची कारणे सांगू लागतो. त्यानंतरच पुढचे पाऊल ठरवायचे, तेही त्यालाच पेलेल असे.

हे केवळ तज्ज्ञांचे काम नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत अतिमद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांचा अभ्यास केला. या संवादावर आधारलेले समुपदेशन वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या सामान्य व्यक्तींनी केले, तेही जास्तीत जास्त चार भेटींत. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के पुरुष धोकादायक मद्यपानातून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. हा चमत्कार नव्हे. पण दर शंभरांमागे दहा अधिक घरे सावरणे ही लहान गोष्ट नाही.

दोन सावधानता

तोंडात पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणे दिसल्यास संवादावर थांबू नये. त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. फार वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास झटके येऊ शकतात. म्हणून तीही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

संत योहानाच्या शुभवर्तमानात ३८ वर्षे आजारी असलेला एक मनुष्य तळ्याकाठी पडून होता. सर्वसमर्थ प्रभूनेही त्याला बरे करण्याआधी विचारले, की त्याला बरे व्हावयाचे आहे काय. प्रभूने त्याच्या इच्छेचा मान राखला. मग आम्ही धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी आणि घरच्या माउलींनी तो का राखू नये? येत्या रविवारी मिस्सानंतर घरी गेल्यावर आपल्या माणसाला एकही उपदेश न करता एकच प्रश्न विचारू या, आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेऊ या.