गुलदाऊदी फेकू नका

दिवाळीच्या सुमारास यवतमाळच्या बाजारात शेवंतीच्या कुंड्या येतात. आपण हौसेने घेतो, फुले सुकली की रोप मेले समजून उकिरड्यावर टाकतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पैसे मोजतो. वास्तविक शेवंती, म्हणजे आपल्या उर्दूतली गुलदाऊदी, बहुवार्षिक आहे. फुले जातात, मूळ जिवंत राहते.

फुलोरा संपला की फांद्या मातीपासून चार बोटे ठेवून छाटाव्यात. थोड्याच दिवसांत बुडाशी नवे कोंब फुटतात. शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. मुळांसकट एकेक काशी वेगळी करून लावली की एका कुंडीच्या सहज पाच-सहा कुंड्या होतात. आपल्याकडची काळी कापसाची माती नुसती वापरू नये. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि मुळे कुजतात. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समान घ्यावे.

खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांची. कुंड्या भिंतीच्या सावलीत, जवळजवळ ठेवाव्यात. निळोणा, चापडोह आटले की घराघरांत काय हाल होतात, हे 2018 च्या उन्हाळ्याने सर्वांना दाखवले. अशा वेळी पिण्याचे पाणी फुलांना घाला, असे आम्ही म्हणणार नाही. पण वुजूचे पाणी बादलीत धरले तर? त्यात साबण नसतो. घरातल्या चौघांच्या वुजूच्या पाण्यावर सात-आठ कुंड्या उन्हाळा काढतात, आणि इस्राफही टळतो.

जून-जुलैत शेंड्याचे बोटभर तुकडे कापून, खालची पाने काढून ओल्या वाळूत खोचावेत. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. फांद्या वाढतात, फुलेही वाढतात. मावा दिसला तर निंबोळी अर्क फवारावा.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. रात्री लांबल्या की शेवंतीला कळ्या येतात. म्हणून पावसाळा सरला की कुंडी दिवसा उन्हात असावी, मात्र रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली नसावी. नाहीतर रोप नुसते पानांनीच वाढत राहते. हा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. एक कुंडी दिव्याखाली, एक अंधारात. विज्ञानाचा हा धडा ती विसरणार नाहीत.

जास्तीच्या काश्या फेकू नयेत. शेजारच्या घरी द्याव्यात, मग ते घर कोणाचेही असो. पुढच्या दिवाळीत त्यांच्याही अंगणात गुलदाऊदी फुलेल.