तारेवरचा निरोप

माझे वडील वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. तिथला फोन उच्चदाबाच्या तारांवरूनच बोलायचा. त्या खरखरीत वडील ओरडून आकडे सांगत. आम्हा पोरांना त्याची भारी गंमत!

आता मनोऱ्याच्या माथ्यावर, आकाशातली वीज झेलणाऱ्या तारेच्या पोटात काचतंतू असतात. त्यांतून मोजमापं सेकंदाला २५ वेळा, उपग्रहाची वेळ लावून, नियंत्रण कक्षात पोचतात. जुन्या यंत्रणेत ती काही सेकंदांनी येत. बिघाड तेवढा थांबतो थोडाच?

पण ३० आणि ३१ जुलै २०१२ ला ग्रीड कोसळली, तेव्हाच्या चौकशीत एक कारण निघालं : जादा वीज ओढू नका, या सूचनांना पुरेसा प्रतिसादच नव्हता. निरोप पोचले होते!

वडिलांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, "आमच्या वेळी ऐकू येत नव्हतं, एवढंच."