पाकीट परदेशी, नियम देशी

मलेशियातील वेफर्स, कोरियातील तिखट नूडल्स, युरोपातील बिस्किटे आता मुंबई-पुण्यातीलच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावातील दुकानांतही दिसू लागली आहेत. हा व्यापार बाहेरून सोपा वाटतो. परदेशी कारखान्याशी सौदा करायचा, कंटेनर न्हावाशेवा बंदरात उतरवायचा आणि माल घाऊक बाजारात सोडायचा. प्रत्यक्षात नव्या आयातदाराचे भांडवल बुडते ते अनेकदा मालाच्या दर्जामुळे नव्हे, तर पाकिटावरच्या मजकुरामुळे.

खाद्यपदार्थांच्या आयातीसाठी आयात-निर्यात सांकेतांक आणि भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना आवश्यक असतो. त्यानंतर पाकिटाला दोन कायद्यांच्या कसोटीवर उतरावे लागते. पहिला अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६. त्याखाली आयातीचे नियम २०१७ मध्ये, तर लेबलचे नियम २०२० मध्ये आले. दुसरा वैधमापन कायदा. कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, उत्पादनाचा देश, आयातदाराचा पत्ता आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क पाकिटावर हवा, असे त्याखालील २०११ चे नियम सांगतात.

स्टिकरने काय सुधारते?

परदेशात छापलेल्या पाकिटावर भारतीय तपशील नसणारच, हे नियम करणाऱ्यांनीही गृहीत धरले आहे. त्यामुळे आयातदाराचे नाव व पत्ता, प्राधिकरणाचे बोधचिन्ह व परवाना क्रमांक, तसेच शाकाहारी-मांसाहारी चिन्ह हे तपशील सीमाशुल्क खात्याच्या गोदामात, सहज न निघणारा एकच स्टिकर लावून पूर्ण करता येतात. शाकाहारासाठी हिरव्या चौकोनातील हिरवे वर्तुळ, तर मांसाहारासाठी तपकिरी चौकोनातील तपकिरी त्रिकोण, अशी ही चिन्हे आहेत.

मात्र घटक पदार्थांची यादी, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख किंवा बॅच क्रमांक पाकिटावर नसेल, तर ती उणीव येथे भरून काढता येत नाही. नेमकी येथेच गफलत होते. युरोपात पाकिटावर 'अमुक तारखेपूर्वी उत्तम' एवढे छापले तरी चालते. उत्पादनाची तारीख बंधनकारक नाही. भारतात ती हवीच. युरोपीय पाकिटावर मिठाचे प्रमाण असते. आपल्याकडे सोडियम, वरून घातलेली साखर आणि ट्रान्स फॅट यांचे आकडे स्वतंत्रपणे द्यावे लागतात. मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असावा लागतो. केवळ कोरियन किंवा थाई लिपीतील पाकीट येथे चालत नाही.

मुदतीचे गणित

मंजुरीच्या वेळी मालाची ६० टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जी कमी असेल तेवढी मुदत शिल्लक हवी. समजा, एका वेफर्सची एकूण मुदत १२० दिवसांची आहे. म्हणजे मंजुरीच्या दिवशी किमान ७२ दिवस उरले पाहिजेत. माल कारखान्याच्या गोदामात १५ दिवस पडून राहिला आणि सागरी प्रवासात ३० दिवस गेले, तर बंदरात उतरताना ७५ दिवस उरतात. कागदपत्रांची छाननी, पाहणी, नमुने आणि प्रयोगशाळेचा अहवाल या साऱ्यासाठी आयातदाराच्या हाती राहतात अवघे तीन दिवस. अहवालासाठीच प्रयोगशाळेला पाच दिवसांची मुदत असते, हे लक्षात घेतले तर हा सौदा जहाज निघण्यापूर्वीच फसलेला असतो. नाकारलेला माल परत पाठवावा लागतो किंवा नष्ट करावा लागतो. तोवर कंटेनरचे भाडे आणि डेमरेज चढतच राहते.

घटकांचा धोका

परदेशात चालणारा प्रत्येक घटक येथे चालतोच असे नाही. मैद्याच्या पदार्थांत वापरल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेटवर भारताने २०१६ मध्ये बंदी घातली. मेलामाइन प्रकरणानंतर २००८ मध्ये चीनमधील दूध व दुग्धजन्य पदार्थांवर घातलेली बंदी पुढे वेळोवेळी वाढवण्यात आली. दूध घातलेली चॉकलेट्सही तिच्या कक्षेत येतात. ६३१ क्रमांकाचा चववर्धक वनस्पतीजन्य असू शकतो, तसाच मांस किंवा मासळीपासून केलेलाही असू शकतो. कारखान्याकडून लेखी खुलासा न घेता हिरवे चिन्ह लावणे म्हणजे ग्राहकाचा विश्वास आणि स्वतःचा परवाना, दोन्ही पणाला लावणे होय.

बाजारातील जोखीम

बंदरातून माल सुटला म्हणजे काम संपले, असे नाही. ई-व्यापार कंपन्यांनी ग्राहकाला किमान ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत शिल्लक असलेला माल द्यावा, अशी सूचना प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये केली. वरच्या उदाहरणातील वेफर्स विकायला त्यामुळे जेमतेम महिनाभर मिळतो. त्यातच मागणी मंदावली की घाऊक व्यापारी भाव पाडून मागतात. सदोष लेबलचा माल आयात करणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे आयातदाराचा स्टिकर नसलेली पाकिटे स्वस्तात मिळतात म्हणून घेणारा किरकोळ दुकानदारही सुरक्षित नाही.

यावर उपाय एकच. आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी पाकिटाच्या दोन्ही बाजूंच्या मजकुराची प्रत आणि घटकांचा तपशील मागवून जाणकाराकडून तपासून घ्यावा. उत्पादनापासून किती दिवसांत माल जहाजावर चढेल, ही अट करारातच घालावी. कारखान्यात छपाईपूर्वी दुरुस्त होणारी एक ओळ बंदरात संपूर्ण कंटेनर अडवू शकते.